अण्णा फणशांचं शॅल-विल

डोंबिवलीत त्या काळी मुलगी बघायला जायचं म्हणजे मुलाची आई लागे, घराण्याच्या गोष्टी सांगणारे एखादे काका किंवा मामा लागत, आणि इंग्रजी विचारणारा एक माणूस लागे. आई आणि मामा घरचेच असत. इंग्रजी विचारणारा मात्र बाहेरून आणावा लागे. आमच्या रामनगरच्या बाजूला तो मान अण्णा फणशांचा होता.

आताच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. पण एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. इंग्रज नुकता गेला होता आणि इंग्रजीचा भाव उगाचच वधारला होता. सरकारनं शाळेतलं इंग्रजी पाचवीवरून आठवीवर नेलं, मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, आणि इंग्रजी येणारी मुलगी म्हणजे काहीतरी विशेष असं लोकांच्या डोक्यात भरलं. नोकरदार मुलांच्या आयांना अशी सून हवी असे. ती कशाला हवी, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात येऊन ती इंग्रजीत भाजी निवडणार नव्हती.

विश्राम नारायण फणसे हे अण्णांचं पूर्ण नाव. आम्ही एकाच चाळीत, मधे एक भिंत ठेवून राहायचो. माझे वडील गुणाजी, मूळचे राजापूरकडचे, कल्याणच्या रेल्वे यार्डात फिटर. अण्णा पिढ्यान्‌पिढ्यांचे ठाणेकर, ठाण्याच्याच एका कारखान्यात हेडक्लार्क. डोंबिवलीत आले ते जागा मिळाली म्हणून. आमच्या घरी भांडण झालं की त्यांना ऐकू जायचं आणि त्यांच्या घरी व्याकरण चाललं की आम्हाला. माझी आई म्हणायची, भांडण परवडलं, ते लवकर मिटतं तरी.

अण्णांचं खरं इंग्रजी शाळेतलं नव्हतं. ते कारखान्यातल्या पर्किन्स नावाच्या साहेबाच्या टेबलापाशी मिळवलेलं होतं. साहेब पत्र सांगायचा आणि अण्णा उतरवून घ्यायचे. एकदा अण्णांनी शॅलच्या जागी विल लिहिलं. साहेब ओरडला नाही. त्यानं खुर्ची वळवली, कामाची पत्रं बाजूला सारली आणि या दोन शब्दांतला फरक अण्णांना बसून समजावला. अण्णा ही हकिकत सांगताना अजून त्या खुर्चीसमोरच उभे असल्यासारखे दिसायचे. "एवढा वेळ कोण देतो हो हाताखालच्या माणसाला?" असं ते म्हणायचे. त्यावर माई, म्हणजे त्यांची बायको, आतून विचारायच्या, "आणि पगार? तो वाढवला का?" तो नव्हता वाढवला.

अठ्ठेचाळीसच्या सुमाराला साहेब आपल्या देशी गेला. नव्या मालकाचा पत्रव्यवहार बहुतेक गुजरातीत चाले. अण्णांकडे हजेरीपट आणि रजेचे अर्ज आले. एवढं जिवापाड कमावलेलं इंग्रजी तसंच पडून राहिलं, आणि ते पडून राहिलेलं इंग्रजी मुली बघण्याच्या कार्यक्रमांतून बाहेर पडायला लागलं.

ते शॅल-विल मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही सांगेन. पुढं घडायचं असतं त्यासाठी इंग्रजीत हे दोन शब्द. आपल्याकडे जाईन, जाशील, जाईल असं क्रियापदच बदलतं, त्यामुळे आपल्याला हा घोळ माहीत नाही. तिकडे क्रियापद ढिम्म हलत नाही, सगळं ओझं या दोन शब्दांवर. 'मी' किंवा 'आम्ही' असेल तर साधं सांगणं शॅलनं करायचं. आय शॅल गो टु कल्याण. मी कल्याणला जाईन. काम आहे, गाडी आहे, जाईन. पण आय विल गो म्हटलं की त्यात मन आलं. कोणी आडवं पडलं तरी जाईन. "आपला 'च' गं, मालन," अण्णा मला म्हणायचे. "जाईनच मधला 'च'. इंग्रजांकडे तो नाही, म्हणून त्यांना आख्खा शब्द राखून ठेवावा लागला."

समोरचा माणूस किंवा तिसरा कोणी आला की सगळं उलट. ही विल गो म्हणजे तो जाईल, बस्स. ही शॅल गो म्हणजे त्याला जावंच लागेल, कारण मी सांगतोय. यू शॅल हॅव इट म्हणजे तुला ते मिळेलच, माझा शब्द आहे. हे उलट का, तर अण्णा म्हणायचे, "दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला काय ठाऊक? म्हणून दुसऱ्याचा 'च' आपल्या मनातून येतो." हे वाक्य साहेबाचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. आम्ही पोरी त्याची मागे चेष्टा करायचो. खरं तर ते मला फार आवडायचं.

मुलगी बघायच्या दिवशी अण्णा धुतलेला कोट घालून मुलाकडच्यांबरोबर निघत. कधी ठाण्याला चरईत, कधी कल्याणला, कधी टिटवाळ्यापर्यंत. मुलगी येऊन बसली, नाव-गाव झालं, की ते खाकरत. "शॅल आणि विल. फरक सांगा." एरवी अगं-तुगं करणारा माणूस, पण परीक्षेला बसलेल्या मुलीला अहो-जाहो करी. आणि उत्तर येईपर्यंत पोह्यांच्या बशीला हात लावत नसे. निकालाआधी परीक्षकानं मिंधं होऊ नये हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे मुलीच्या आईचं लक्ष नवऱ्या मुलाकडे नसायचं, अण्णांच्या चमच्याकडे असायचं. चमचा उचलला की मुलगी पास. मग ते गार पोहे चवीनं खात, आणि "छान झालेत" असं मराठीत सांगत.

त्यांनी कोणाला नापास केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याचं कारण त्यांच्याच घरात पोळ्या लाटत बसलेलं असायचं. अण्णांना दुसरा प्रश्न सुचत नसे, किंवा दुसरा विचारावा असं त्यांना वाटत नसे, आणि त्यांची थोरली मुलगी प्रमोदिनी या एका प्रश्नाचं उत्तर डोंबिवलीतल्या प्रत्येक लग्नाच्या मुलीला आधीच शिकवून ठेवी. विहिरीवर, देवळात, शिवणाच्या वर्गात. लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं ते उत्तर एकीकडून दुसरीकडे जात ठाण्यापर्यंत पोचलं. अण्णा घरी येऊन माईंना सांगायचे, "मुलींचं इंग्रजी काय सुधारलंय म्हणून सांगू! खुलासेवार उत्तर दिलंन." प्रमोदिनी मान खाली घालून पोळी उलटायची. भिंतीला कान लावून मी हसू दाबायची.

मलाही त्यांनीच विचारलं. कल्याणच्या एका कारकुनाचं स्थळ होतं. मी उत्तर घडाघडा दिलं, अण्णांनी चमचा उचलला, आणि मुलाच्या आईनं उंची कमी आहे म्हणून नकार कळवला. अण्णा आमच्या दाराशी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "गुणाजी, व्याकरणात काही दोष नव्हता." माझ्या वडिलांना त्यानं फार बरं वाटलं. मला नाही वाटलं.

आता प्रमोदिनीचं सांगते, कारण अण्णांचं आयुष्य सांगायचं तर तिच्यापाशीच यावं लागतं.

ती माझ्याहून वर्षानं मोठी. सावळी, शेलाटी, नाकीडोळी नीटस. तिला इंग्रजी शिकवलं ते अण्णांनीच. शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं ती घरी येऊन त्यांच्याकडून तपासून घ्यायची. काही अडलं की नुसतं "अण्णा?" म्हणायची. शेवटी सूर जरा वर नेऊन, एवढंच. ते दाढी करत असोत नाहीतर देवापुढे बसलेले असोत, ती हाक आली की उठून यायचे. वर्तमानपत्रातला शब्द असो, वायदेबाजारातलं काही असो, चिमणीचं अनेकवचन असो. त्या दोघांचं ते एक वेगळंच राज्य होतं आणि माई व धाकटी सरोज त्याच्या वेशीबाहेर होत्या. मला मात्र अधूनमधून आत घेत.

अशा मुलीचं लग्न चटकन व्हायला हवं होतं. ते होईना, आणि ते न होण्याचं कारण अण्णाच होते.

मुलीच्या बापानं कसं बसावं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. जाजमाच्या कडेला बसावं, थोडं हसरं राहावं, मुलाकडचे बोलतील त्याला मान हलवावी. अण्णांना हे जमायचं नाही. लोकांच्या घरी आपण परीक्षक असतो आणि आज स्वतःच्या घरी मुलीचे बाप आहोत, हा फरक त्यांच्या ध्यानातच यायचा नाही. चरईचे लोक आले तेव्हा मुलाच्या मामांनी प्रमोदिनीला "व्हॉट इज युवर गुड नेम?" असं विचारलं. ती तोंड उघडणार इतक्यात अण्णा म्हणाले, "गुड कशाला? नुसतं नेम म्हणा. नाव काय चांगलं-वाईट असतं?" मामांचा चेहरा उतरला. पुढं टिटवाळ्याचे आले. मुलाच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं सांगितलं, "माय सन इज हॅविंग टू सिस्टर्स." अण्णा म्हणाले, "हॅविंग नाही, हॅज. बहिणी त्याला आत्ता होत नाहीयेत." त्या गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला.

बरं, त्यात तोरा नव्हता हो. कोणाच्या सदऱ्याला दोरा चिकटलेला दिसला तर आपण काढतो ना, तितक्या सहज ते करायचे. पण दोरा काढून घेणाऱ्याला ते कळायला हवं. नकार यायचा, माई कपाळाला हात लावायच्या, आणि दोन-तीन दिवस त्या घरातून फक्त भांड्यांचे आवाज यायचे.

प्रमोदिनी रडली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. "बहिणी आत्ता होत नाहीयेत" हे ती मला अण्णांच्या आवाजात करून दाखवायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तेव्हा मला वाटायचं, हिला लग्नाची घाई नाही. माझा तो अंदाज अर्धाच खरा होता. तिला घाई नव्हती, पण वय कोणासाठी थांबत नव्हतं. त्यात सरोजला ठाण्याचं एक चांगलं स्थळ आपणहून सांगून आलं. त्या लोकांनी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायची तयारी दाखवली, पुढं नाही. थोरली घरात असताना धाकटीचं कसं करायचं? आता एकीचं मोडलं की दोघींचं मोडणार, हे चाळीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

चौपन्न सालच्या गणपतीनंतर खोपकरांचं स्थळ आलं. कल्याणला पारनाक्याजवळ घर, मुलगा बाळ खोपकर अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील नव्हते, कर्ते म्हणजे त्याचे चुलते, तात्यासाहेब. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरातलं मांजरही जात नाही अशी ख्याती. आणि ते इंग्रजी विचारायला कोणाला आणत नाहीत, स्वतःच विचारतात, असंही कळलं. ते ऐकल्यावर माईंनी अण्णांना समोर बसवलं.

त्या दिवशी भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं. ऐकायचं नाही असं ठरवलं असतं तरी ऐकू आलंच असतं. माई म्हणाल्या, "माझी शपथ आहे तुम्हाला. तोंडात पाणी धरून बसा हवं तर, पण एक चकार शब्द काढू नका." अण्णा म्हणाले, "चूक असेल तरी?" माई म्हणाल्या, "असू दे ना चूक! चुकीनं कोणी मेलं नाही. माझ्या मुली घरात म्हाताऱ्या होताहेत."

नंतर अण्णांनी प्रमोदिनीला हाक मारली. "प्रमोद, तुला हा मुलगा हवा आहे का गं?"

मला वाटलं, ही काहीतरी चेष्टेवारी नेईल. बाळ खोपकरला तिनं कल्याणच्या वाचनालयात दोन-चारदा पाहिला होता, त्यानं एकदा हातातलं मासिक तिला आधी दिलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. तिनं हलक्या आवाजात "हो" म्हटलं.

"मग नाही बोलणार," अण्णा म्हणाले.

खोपकर मंडळी रविवारी दुपारी आली. मी पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालायला म्हणून आत होते, दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं. तात्यासाहेब भारदस्त, उपरण्याची घडी मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी पोह्यांची बशी प्रमोदिनी बाहेर यायच्या आधीच संपवली आणि आणखी मागितले. अण्णा जाजमाच्या कडेला बसले होते, बापानं बसावं तिथंच. हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर थोडं हसू. ते हसू त्यांना शोभत नव्हतं.

नाव झालं, शिक्षण झालं, शिवण-टिपण झालं. तात्यासाहेबांनी पदार्थ विचारले, व्रतवैकल्यं विचारली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या शॅल-विलचा फार बोलबाला ऐकला आम्ही कल्याणात. तेव्हा तेच विचारतो. काय फरक?"

प्रमोदिनीनं सांगितलं. आम्ही सगळ्या पाठ म्हणायचो तसं नाही. तिला ते कळलेलं होतं, म्हणून सावकाश, उदाहरणं देत सांगितलं. 'च'चंही सांगितलं. तिचा आवाज ऐकताना अण्णांची मान आपोआप डोलत होती.

"चूक," तात्यासाहेब म्हणाले.

तात्यासाहेबांनी बशी बाजूला ठेवली. "हे पुस्तकी झालं, मुली. आमची उभी हयात कचेरीत गेली. शॅल हा मानाचा शब्द. आपण वडीलधाऱ्यांना अहो म्हणतो की नाही? तसंच ते. साहेबापुढे उभं राहिलं की आय शॅल डू इट, सर. बरोबरीच्याशी, हाताखालच्याशी बोलायचं तर विल. शिपायाला कोणी शॅल म्हणत नाही." मग ते हसले. "आमच्या घरात सुनांनी शॅलच म्हणायला हवं. काय?"

बरोबर आलेली बाईमाणसं हसली. माईसुद्धा हसल्या. बाळ खोपकर बशीतला शेवटचा शेंगदाणा चमच्यानं इकडून तिकडे करत होता. त्याला एवढं कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. पुढं तो मला भला माणूस वाटला, आहेही. पण त्या शेंगदाण्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. हाताची बोटं गुडघ्यावर घट्ट झाली. माईंनी पदर सारखा करण्याच्या निमित्तानं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर उठूनच गेला असता. अण्णा बसून राहिले आणि काही बोलले नाहीत. मिठाची गुळणी धरली म्हणतात ती मी त्या दिवशी पाहिली.

तेवढ्यावर निभावलं असतं. तात्यासाहेब चहाकडे वळलेही होते. आणि प्रमोदिनीनं मान वर करून म्हटलं, "अण्णा?"

तोच सूर, शेवटी जरा वर गेलेला. त्या हाकेला अण्णा कधीही, काहीही बोलल्याशिवाय राहिलेले मला माहीत नव्हते. माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मनात आलं, संपलं, आता हे बोलणार आणि दोघींची लग्नं गेली. आणि खोटं कशाला सांगू, मला आतून आनंदही झाला. बोला एकदाचं, असं वाटलं. त्या जाडजूड माणसाला त्याचा मानाचा शब्द परत द्या.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते तात्यासाहेबांकडे वळले.

"तात्यासाहेब म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच तिला चुकीचं शिकवलं. आमचं इंग्रजी ऐकीव. साहेब बोलला तसं उचललं. कचेरीतलं ज्ञान वेगळं."

"असू द्या, असू द्या," तात्यासाहेब खूश होऊन म्हणाले. "वय लहान आहे, सुधारेल." आणि अण्णांच्या पाठीवर थोपटावं तसा त्यांनी हात ठेवला.

पसंती तिथल्या तिथे झाली. माईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. अण्णांनीही घेतली आणि बराच वेळ तशीच मुठीत धरून बसले.

पाहुणे स्टेशनाकडे गेले. चाळीतल्या बायका माईंभोवती जमल्या, सरोज इकडून तिकडे नुसती पळत होती. प्रमोदिनी आत आली आणि बशा विसळायला बसली. मी तिच्याशेजारी बसले. मी म्हटलं, "झालं बाई एकदाचं. मुलगा तुला आवडलाय ना?"

"आवडलाय," ती म्हणाली.

"मग?"

तिनं एक बशी विसळली, दुसरी विसळली. "ते बोलले असते तर मोडलं असतं, मालन. मला कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं गं. काही अडलं की निघतंच." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दर वेळी ते मोडायचे ना, मला लाज वाटायची. पण बरंही वाटायचं. वाटायचं, सगळे माना हलवतात, आपले अण्णा नाही हलवत. आज हलवली. माझ्यासाठी हलवली. आता मी रागावू तरी कोणावर?"

तेव्हा ती रडली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता, तात्यासाहेबांचा, माईंचा, बाळचा, आणि तिचाही. तिनं विचारायला नको होतं. एवढा भार कोणी बापावर टाकतं का?

अण्णा दाराशी आले. तिनं पटकन डोळे पुसले. ते म्हणाले, "प्रमोद, रागावलीस का?"

"नाही हो अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही पोहे खाल्ले नाहीत. गरम करून देऊ?"

"दे," ते म्हणाले, आणि तिथंच पाटावर बसून त्यांनी ते खाल्ले. छान झालेत असं म्हटलं नाही.

दोन्ही लग्नं झाली. प्रमोदिनी कल्याणला गेली, सरोज ठाण्याला. तात्यासाहेबांना प्रमोदिनीनं शेवटपर्यंत चांगलं सांभाळलं, आणि बाळ खोपकरनं प्रमोदिनीला. तिचा संसार सुखाचा झाला, यात काही वाद नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी वाईट झालं असणार. तसं काहीच झालं नाही.

अण्णांना निरोप येत राहिले. पण ते मुली बघायला जाईनात. "माझं इंग्रजी आता जुनं झालं," असं सांगून परत पाठवायचे. लोकांनी दुसरा माणूस शोधला. तो वेगळेच प्रश्न विचारायचा आणि मुलींची त्रेधातिरपीट उडायची. माई म्हणायच्या, हे निवळले हो, आता कोणाला टोकत नाहीत. चाळीतलेही तसंच म्हणायचे. रेडिओवर, गणपतीच्या भाषणात, शेजारच्या पोराच्या अभ्यासात कोणी धडधडीत चुकीचं बोललं तरी अण्णा शांत असत.

प्रमोदिनी माहेरी येई तेव्हा मी जाऊन बसायची. ती त्यांच्या पथ्याचं बघायची, फाटलेली धोतरं शिवायची, सगळं अगदी मायेनं करायची. बोलायचीही खूप. पण "अण्णा?" ती हाक मी पुन्हा ऐकली नाही. वर्तमानपत्र वाचताना अडली तर थांबायची, आणि मग पुढची बातमी वाचायची. अण्णांचं लक्ष असायचं. तिचं बोट ओळीवर थबकलं की ते पाटावरून अर्धवट उठायचे, जरा वेळ तसेच राहायचे, आणि तिनं पान उलटलं की परत बसायचे.